समोरची खुर्ची

रेजिनाबाई तुस्कानो दुबई सोडून कायमच्या वसईला परत गेल्या त्या आठवड्यात इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘सदा हसतमुख रेजिना आंटी, वुई विल मिस यू.’ त्यावर जोडलेल्या हातांची आणि बदामांची रांग लागली. मी तो मजकूर तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझं डोकं जास्तच तापलं. सदा हसतमुख! वीस वर्षं मी बाईंना ओळखत होतो. त्यांना हसताना पाहिलं ते मोजून चार वेळा, त्यातलं एकदा नाडकर्णी खुर्चीवरून पडले तेव्हा. बाई रागीट होत्या. मनापासून, पद्धतशीर, कारण दाखवून रागवायच्या. आणि ज्यांच्यावर त्या रागावून गेल्या त्यांनीच आता त्यांना हसतमुख करून भिंतीवर टांगलं होतं. त्या लोकांत मीही येतो, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

बाई दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर होत्या. लग्नं, कॉन्फरन्सा, इफ्तारच्या मेजवान्या, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. उंची पाच फुटांना कमीच, केस मागे घट्ट बांधलेले, पायांत हॉटेलचे काळे सपाट बूट. मंडळाच्या कार्यक्रमाला पैठणी नेसल्या तरी खाली तेच बूट. राहायला उम्म अल कुवैनला. नवरा अंतोन तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. तो वारल्यावरही त्यांनी घर सोडलं नाही. एवढ्या लांबून रोज का येता असं विचारलं तर म्हणायच्या, ‘तिथं समुद्र दिसतो आणि तुम्ही लोक दिसत नाही.’

हॉलमध्ये शिरल्या की त्या आधी माणसं मोजायच्या, तीही राऊंडमध्ये. दहा माणसांचं एक गोल टेबल म्हणजे एक राऊंड. ‘बावीस राऊंड आणि वर चार,’ असं दारातच पुटपुटायच्या आणि सरळ स्वयंपाकाकडे वळायच्या, हाय-हॅलो नंतर. त्यांच्या हाताखाली जेवण कधी कमी पडलं नाही, आणि कुणी ताटात टाकलं तर त्याची धडगत नव्हती. ‘उचल. खा. मी बघतेय.’ भल्या मोठ्या कंपनीचे जनरल मॅनेजर मान खाली घालून मसालेभात संपवताना मी पाहिले आहेत.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाई कळणार नाहीत. इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांची निवडणुकीची सगळी हौस मंडळावरच भागते. दर दोन वर्षांनी अकरा जणांची कमिटी निवडायची. पॅनेलं दोनच, पिवळं आणि निळं. कुठल्यातरी जुन्या निवडणुकीत एकाचा जाहीरनामा पिवळ्या कागदावर निघाला, दुसऱ्याचा निळ्या, आणि ते रंग चिकटले. निळ्यांत बहुतेक पुण्या-मुंबईचे ऑफिसवाले. त्यांचे पुढारी नाडकर्णी, विम्याच्या कंपनीतले, शांत, गोड बोलणारे, बोलताना चष्मा पुसणारे. पिवळ्यांत हॉटेलवाले, वसईकर, वर्कशॉपवाले, आणि माझ्यासारखे ज्यांना कुणीतरी पहिल्या वर्षी हाताला धरून नेलं ते. पुढारी अर्थात रेजिनाबाई.

मतपत्रिकेवर दोन रकाने असायचे. कुठल्याही अकरा नावांवर खूण करायला मुभा होती, पण बाईंना ती मुभाच मान्य नव्हती. माझ्या पहिल्या निवडणुकीत मी दहा पिवळ्यांवर खुणा केल्या आणि एक निळ्यांतल्या माझ्या शेजाऱ्यावर. मतदान गुप्त होतं. मी बाहेर आलो, बाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘कुणाला दिलंस?’

‘कुणाला म्हणजे?’

‘अकरावं. कुणाला दिलंस?’

‘अहो, तो माणूस चांगला आहे.’

‘चांगल्या माणसाला घरी जेवायला बोलाव. मत सरळ द्यायचं, वरून खालपर्यंत. ह्या रकान्यातून त्या रकान्यात उड्या मारायला तू बेडूक आहेस?’

तेव्हा मला वाटलं, बाई हेकट आहेत. हेकट तर त्या होत्याच.

आणि आमच्याकडे एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या मंडळात पाहिली नाही. कमिटीच्या दर महिन्याच्या बैठकीत अकरा जण टेबलाच्या एका बाजूला बसायचे आणि दुसऱ्या बाजूला एकच खुर्ची असायची. ती हरलेल्या पॅनेलच्या पुढाऱ्याची. त्याला मत नाही, पण तीन प्रश्न विचारायचा हक्क; आणि त्यांची उत्तरं पुढच्या बैठकीत द्यावीच लागायची. वर्षाच्या सभेत तर त्याहून मोठा प्रकार. हरलेला पुढारी जिंकलेल्या पॅनेलचा जाहीरनामा ओळीओळीने मोठ्यांदा वाचायचा, प्रत्येक ओळीनंतर विचारायचा, ‘झालं का?’ आणि सगळ्या हॉलने उत्तर द्यायचं. झालं. नाही झालं. पुढारी त्या ओळीसमोर लाल पेनने उत्तर लिहायचा आणि तो कागद दोन वर्षं नोटीस बोर्डावर लागायचा. बाई जिंकल्या की नाडकर्णी वाचायचे, नाडकर्णी जिंकले की बाई. नाडकर्णी वाचताना लोकांना चहाची आठवण व्हायची. बाई वाचायला उभ्या राहिल्या की अकराच्या अकरा जण सरळ बसायचे.

एका वर्षी आमच्या यादीत सावंत नावाचा माणूस आला. बाईंच्या घरीच बैठक झाली होती, सुंगटाचं, म्हणजे कोलंबीचं, कालवण आणि भात खाऊन हात वर करून मतं घेतली, आणि बाई एकट्या विरोधात राहिल्या. सावंत मिजासखोर होता. एकदा सगळ्यांदेखत बाईंना ‘वेट्रेस’ म्हणाला होता. नावं ठरली तसा बाईंनी कागद घेतला, सातव्या ओळीवर स्वतःच्या हाताने सावंतचं नाव लिहिलं आणि पुढचे तीन आठवडे शारजा, दुबई, अजमान करत घरोघर त्याच्यासाठी मतं मागितली. मी गाडी चालवायला होतो. एका घरी तर त्यांनी दारातच सांगितलं, ‘माणूस भिकार आहे, पण यादी आपली आहे. सरळ दे.’

परत येताना मी म्हटलं, ‘बाई, मनात नसताना कशाला?’

‘मनाचं काय घेऊन बसलास? उद्या तो चुकला तर त्याचा कान कोण धरणार? मी. का? तर यादी माझी आहे. तो एकटा निवडून आला असता तर कान धरायला गेल्यावर म्हणाला असता, तू कोण?’

सावंत निवडून आला. पुस्तकांचं कपाट त्याच्याकडे दिलं होतं. दोन महिने त्याने काही केलं नाही. तिसऱ्या महिन्यात बाई त्याच्या ऑफिसात जाऊन रिसेप्शनवर बसल्या. लायब्ररी सुरू झाली, आणि आजही मंडळात जी थोडीफार पुस्तकं आहेत ती त्या वर्षीची आहेत.

पण बाईंचा खरा जीव होता तो पाचव्या ओळीत. जाहीरनामा पिवळा असो की निळा, पाचवी ओळ दोन्हीकडे एकच असायची: दिवाळीला मुसफ्फाहून बस. अबुधाबीच्या बाहेर मुसफ्फाच्या कारखान्यांत आपली मराठी माणसं कामाला आहेत, वेल्डर, फिटर, पेंटर. सातारा, सांगली, सोलापूरकडची. कामगारांच्या कॅम्पात राहतात, कंपनीच्या गाडीतून कामावर जातात आणि कंपनीच्या गाडीतून खोलीवर येतात. त्यांना वर्षातून एक दिवस दुबईला हॉलवर आणायचं, फराळ, पंगत, गाणी, आणि परत सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. त्यासाठी आठवडाभर आधी कॅम्पच्या ऑफिसात नावांची यादी द्यावी लागते, रविवारी कुणाची ओव्हरटाइमची पाळी आहे ते पाहून सुपरवायझरला गाठावं लागतं, ड्रायव्हरला गेट समजावून सांगावं लागतं. हे काम फोटोत येत नाही.

तिकडचा पुढारी म्हणजे हणमंत शिंदे, पन्नाशीचा फिटर, अठरा वर्षं मुसफ्फात. बसमधून उतरताना त्याचा शर्ट इस्त्रीचा असायचा आणि खिशाला पेन. एकदा पंगतीत मी त्याच्या शेजारी होतो. तो म्हणाला, ‘साहेब, वर्षभर आमाला कुनी ‘बसा’ म्हनत न्हाई बघा. हितं म्हनत्यात.’ एवढंच बोलला आणि जेवायला लागला.

निळे जिंकले होते त्या एका वर्षी दोनऐवजी एकच बस गेली आणि निम्मी माणसं गेटवर राहिली. वर्षाच्या सभेत बाईंनी पाचवी ओळ वाचली. ‘मुसफ्फाहून दोन बस. झालं का?’ हॉल गप्प, कारण नाडकर्णी सगळ्यांना आवडायचे. बाईंनी कागद खाली ठेवला. ‘मी थांबते. मला आज ड्युटी नाही.’ शेवटी नाडकर्णी स्वतः उठले, चष्मा न पुसता म्हणाले, ‘नाही झालं. चूक निळ्या पॅनेलची आहे.’ बाईंनी लाल पेनने तसं लिहिलं. पुढच्या वर्षी निळ्यांनी तीन बस पाठवल्या, आणि तिसरी अर्धी रिकामी आली म्हणून बाईंनी त्यावरूनही भांडण काढलं. त्या दोघांचं असं वैर होतं. सभेनंतर मात्र नाडकर्णींच्या डब्यात बाईंनी केलेलं मासळीचं लोणचं जायचं, आणि नाडकर्णीकाकू वासामुळे ते घराबाहेर गॅलरीत ठेवायच्या.

आता माझ्याकडे येतो. टाळण्यासारखं असतं तर टाळलं असतं.

मी आठ वर्षं पिवळ्या यादीत होतो. नवव्या नाहीतर दहाव्या ओळीवर. अध्यक्ष कधी झालो नाही, आणि होणारही नव्हतो. हे मला टोचत होतं. मग मंडळात कौस्तुभ नावाचा नवा मुलगा आला, जाहिरातीच्या कंपनीतला, चटपटीत. त्याने मला कॉफी पाजून सांगितलं, ‘दादा, पॅनेल इज सो ओल्ड स्कूल. आता लोक चेहऱ्याला व्होट देतात. यू आर सच अ गुड फेस. त्या यादीत नवव्या नंबरवर काय करताय?’ मला इतकं खरं आयुष्यात कुणी बोललं नाही असं वाटलं. आठवड्यात माझं पोस्टर तयार झालं. हाताची घडी, निळा कोट, मागे दुबईची स्कायलाइन, आणि खाली ‘तुमचा सुहास, तुमच्यासाठी.’ तुमच्यासाठी काय, ते लिहिलेलं नव्हतं. मलाही तेव्हा तो प्रश्न पडला नाही.

माझं पाहून दुसऱ्याने काढलं, त्याचं पाहून तिसऱ्याने. पंधरा दिवसांत सत्तावीस पोस्टरं फिरायला लागली. निळ्यांचे आठ जण फुटले, पिवळ्यांचे सात. सगळ्यांच्या हाताच्या घड्या सारख्या होत्या.

बाई माझ्या घरी आल्या. रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून, तशाच. बसल्या नाहीत. माझ्या बायकोने पाणी आणलं, ते उभ्यानेच प्यायल्या आणि पेला परत दिला.

‘हे काय आहे?’ फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या.

‘बाई, आता काळ बदललाय. लोकांना पॅनेल बिनेल नकोय. माणूस बघून...’

‘आठ वर्षं कुणाच्या नावावर निवडून आलास?’

‘कामावर आलो.’

‘तुझं काम मीसुद्धा बघितलंय,’ बाई म्हणाल्या. ‘मत पिवळ्याला होतं. तू त्यात होतास.’

मला राग आला. मीही आवाज चढवला. तुमच्या सरळ मताच्या नादात सावंतसारखे लोक निवडून येतात, म्हटलं. आम्ही काय मेंढरं आहोत, म्हटलं. त्यात थोडं खरंही होतं, आणि ते बाईंना लागलं. माझी मुलगी रेवा, बारा वर्षांची, हे सगळं ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, ‘बट आंटी, बाबा इज नाइस. पीपल शुड व्होट फॉर नाइस पीपल, नो?’

बाई तिच्याकडे वळल्या. पोरांवर त्या कधी ओरडायच्या नाहीत.

‘यस बेबी. नाइस माणसं पुष्कळ असतात. बस आली नाही तर फोन कुणाला करायचा, तेवढं तुझ्या बाबाला विचार.’

आणि गेल्या. मी बायकोला म्हटलं, बाई जळतात. हे वाक्य मी बोललो आहे, आणि ते मला पुसता येत नाही.

बाईंनी तरीही पिवळा कागद छापला. अकरा ओळींपैकी चारच नावं मिळाली. चौघंही पडले. नाडकर्णींनी निळं पॅनेल उभंच केलं नाही. त्यांच्याकडे पुरेशी नावंच उरली नव्हती. मी सगळ्यांत जास्त मतांनी निवडून आलो आणि हॉटेलात केक कापला.

पहिल्या बैठकीत टेबलाच्या पलीकडे ती खुर्ची होती. सवयीने कुणीतरी मांडली असावी. नवे अध्यक्ष कौस्तुभच झाले होते. ते म्हणाले, ‘ही कोणासाठी? कुठलं पॅनेल जिंकलं नाही, कुठलं हरलं नाही. वुई आर ऑल वन टीम. लेट्स बी पॉझिटिव्ह. यल्ला, चला.’ सगळे हसले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली गेली. मी भिंतीच्या सर्वांत जवळ बसलो होतो, ती लावणारा मीच.

ते वर्ष फार मजेत गेलं, हे कबूल करतो. ज्याला बॅडमिंटन आवडायचं त्याने बॅडमिंटन केलं, जिला नृत्य आवडायचं तिने नृत्य. जो तो आपापलं करायचा, आपल्या फोटोसकट. कुणी कुणाला विचारायचं नाही, कारण विचारायचा हक्क कुणाला होता? दिवाळीच्या आधी दोन आठवडे मी एक पोस्टर काढलं: ‘मुसफ्फाच्या आपल्या बांधवांसाठी मोफत बस! तुमचा सुहास.’ खजिनदार पाटणकरांनीही तसंच काढलं, त्यांच्या फोटोसकट. कौस्तुभनेही काढलं. तिघांना मिळून ढीगभर लाइक आले. मला वाटलं पाटणकर बघतायत. पाटणकरांना वाटलं अध्यक्ष बघतायत. अध्यक्षांना वाटलं मी बघतोय, कारण मी रास अल खोरला गोदामात डिस्पॅच मॅनेजर आहे. बस कुणीच ठरवली नाही. कॅम्पात यादी कुणीच दिली नाही.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. बाई आल्या होत्या, कुणी बोलावलं म्हणून नव्हे, पंगत असते म्हणून. दारात थांबल्या, माणसं मोजली आणि त्यांचा चेहरा बदलला. ‘सहा राऊंड कमी आहेत,’ म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जुन्या पिवळ्या कागदावर त्यांचा नंबर होता आणि तो कागद हणमंताने खोलीत चिकटवून ठेवला होता. बाईंनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या कानाशी धरला.

‘बाई, सकाळी आठपास्नं गेटावर हाय आमी. पन्नास-साठ मानसं. बस आली न्हाई अजून. येनार हाय न्हवं? न्हाईतर पोरं कापडं बदलत्यात.’

दीड वाजला होता.

बाई स्टेजकडे चालत गेल्या. गाणं चालू होतं. त्यांनी कलाकाराला हाताने थांबवलं, माइक घेतला नाही, त्यांना माइक लागत नसे. ‘बस कुणाची?’ म्हणाल्या. पाटणकरांनी माझ्याकडे पाहिलं, मी कौस्तुभकडे, कौस्तुभने पाटणकरांकडे. ‘तिघांच्या फोटोत बस आहे. मुसफ्फात एकही नाही. सुहास, रोज तू किती ट्रक पाठवतोस रे गोदामातून?’



‘आंटी, मिसकम्युनिकेशन झालंय,’ कौस्तुभ म्हणाला. ‘नेक्स्ट इयर, इन्शाल्ला...’

‘देवाचं नाव घेऊ नकोस. त्याने पोस्टर काढलं नव्हतं.’

मग त्या स्वयंपाकात शिरल्या. हॉटेलातून आणलेले मोठे डबे बाहेर काढले, साठ माणसांची पुरणपोळी, भाजी, भात, फराळ स्वतः भरला. नाडकर्णी उठले आणि डबे उचलायला लागले. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखणारा. मीही एक डबा उचलला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. ‘तू थांब. फोटो असतील अजून.’ दोघांची गाडी गेली. इकडे गाणं पुन्हा सुरू झालं आणि लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही मला त्या हॉलमधल्या एकेकाचं तोंड बघू नये असं वाटतं, माझ्यापासून सुरुवात करून.

कॅम्पात बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. नाडकर्णींनी नंतर सांगितलं, गेटबाहेर फूटपाथवर, ट्रक उभे असतात तिथे, बाईंनी पंगत वाढली. निम्मी पोरं कपडे बदलून झोपली होती. बाईंनी एकेकाला ‘बसा’ म्हटलं. बसायला काही नव्हतं.

मग वर्षाची सभा आली. बाईंचा व्हिसा संपत होता, आठवड्याने त्या जाणार होत्या. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ ठेवलं होतं. सत्काराच्या आधी बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी पिवळ्या पॅनेलची. हरलेली. मला वाचायचंय.’

‘आंटी, जाहीरनामा नव्हताच ना या वेळी. काय वाचणार?’

बाईंनी पिशवीतून बारा कागद काढले. आमची निवडणुकीतली अकरा पोस्टरं आणि वर एक, छापून आणलेली. त्या वाचायला लागल्या, नेहमीच्या आवाजात. ‘‘आपला हक्काचा माणूस.’ झालं का?’ लोक हसले. ‘‘नवा विचार, नवा चेहरा.’ झालं का?’ थोडे कमी हसले. तिसऱ्या-चौथ्यानंतर कुणी हसेना, कारण उत्तरच देता येत नव्हतं. त्यात काही करायचं लिहिलेलंच नव्हतं. शेवटी त्यांनी बाराव्या कागदाला हात घातला, माझ्या दिवाळीच्या पोस्टरला. ‘‘मुसफ्फाच्या आपल्या बांधवांसाठी मोफत बस. तुमचा सुहास.’ झालं का?’

मी उठणार होतो. उठायला उशीर केला. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘ऱ्हाऊ द्या बाई. साहेबांस्नी कामं असत्यात.’ हणमंत होता. दोन सरकारी बस बदलून, रजा टाकून, एकटा आला होता, बाईंना निरोप द्यायला. शर्ट इस्त्रीचा होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

‘नाही झालं,’ मी म्हणालो. बाईंनी माझ्या फोटोखाली लाल पेनने तेवढेच शब्द लिहिले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्या भिंतीपाशी गेल्या, घडी केलेली खुर्ची उघडली आणि आमच्या टेबलासमोर ठेवली. मला वाटलं, आता बसतील. त्यांनी नाडकर्णींना हाक मारली. ‘या. जागा धरा.’

‘कुठल्या पॅनेलतर्फे?’ कौस्तुभने विचारलं. ‘ब्लू पॅनेल तर नाहीच आता.’

‘मी आहे ना,’ नाडकर्णी म्हणाले आणि गुडघा धरून हळू बसले.

‘खलास,’ बाई म्हणाल्या. शाल टेबलावरच राहिली. हणमंताला मुसफ्फाच्या बसपर्यंत सोडायचं म्हणून त्याला घेऊन निघाल्या. काचेच्या दारातून त्या मला पार्किंगमध्ये दिसत होत्या, पैठणी, खाली काळे बूट, मागे हणमंत. त्या मागे वळल्या नाहीत.

नाडकर्णींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिला प्रश्न विचारला.

‘येत्या दिवाळीची बस कुणाची?’

मी हात वर केला.

‘एकट्याचा नको,’ ते म्हणाले. ‘तुझी उद्या नोकरी गेली, व्हिसा गेला तर? अकरा हात हवेत.’

बाहेर बाईंची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा टेबलावर चार हात वर होते.